दुधात साखर, पण दुधाचं काय?

मराठी भाषा साखरेला सामील आहे. आरोप गंभीर असल्यामुळे पुरावा आधी देतो. दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या की आपण ‘दुधात साखर’ म्हणतो आणि कौतुकाने बघतो ते साखरेकडे. लग्न ठरलं की साखरपुडा, शुभ बोललं की तोंडात साखर, आणि काम काढून घ्यायचं असलं की आधी साखरपेरणी. मिठाचाही मान मोठा. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं आणि न जागणाऱ्यासाठी जी शिवी आहे तीही मिठावरूनच बेतलेली आहे. आता ही मंडळी ज्याच्या जिवावर विरघळतात त्या पाण्याच्या वाट्याला काय येतं ते पाहा. बेचव ते पाणचट. बुडालेले पैसे पाण्यात गेले. मेहनत फुकट गेली की तिच्यावर पाणी फिरलं. अपमान झाला तर पाणउतारा, द्वेष करायचा तर पाण्यात पाहायचं आणि हरवलं तर पाणी पाजलं. पाणीदार डोळे आणि पाणीदार मोती यांची आठवण करून देणारे वाचक असतीलच. पण ते कौतुक पाण्याच्या चकाकीचं आहे, कामाचं नाही. घरात राबणाऱ्या बाईला ‘तुमची साडी छान आहे’ म्हणण्यातला तो प्रकार. मुद्दा इतकाच की विरघळण्याचं श्रेय आपण चुकीच्या पक्षाला देत आलो आहोत. राबतं पाणी, आणि खर्चाची पावतीही बहुतेक वेळा पाण्याच्याच नावाने फाडली जाते.

दुधातल्या साखरेची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट संजाण बंदरातली. इराणहून आलेल्या पारशांना तिथल्या राजाने काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं दाखवलं, म्हणजे इथे जागा नाही. आणि त्यांच्या धर्मगुरूने त्यात साखर घालून दाखवली, म्हणजे आम्ही न सांडता गोडवा वाढवू. आख्यायिका सुंदर आहे, पण तिच्यात राजाला वाक्य आहे, धर्मगुरूला वाक्य आहे, दुधाला एकही नाही. खरं तर पाच ग्रॅमचा एक चमचा साखर विरघळली की दुधाचं आकारमान सुमारे तीन मिलिलिटरने वाढतं. ते सांडलं नसेल तर ते साखरेच्या नम्रतेमुळे नव्हे, काठावर जरासं फुगून थांबण्याच्या दुधाच्या अंगच्या गुणामुळे. शिवाय साखर विरघळताना थोडी उष्णता लागते. ती साखरेने सोबत आणलेली नसते, दुधातून काढून घेतलेली असते. पेलाभर दूध त्यामुळे अंशाच्या दहाव्या हिश्शाइतकं गार होतं. रक्कम किरकोळ आहे, पण कुणाच्या खिशातून गेली हे नोंदवायला हरकत नाही.

‘वितळणं’ आणि ‘विरघळणं’ यांत आपण बोलताना फारसा फरक करत नाही. लोणी वितळतं, पण बर्फ कुणाकुणाच्या तोंडी विरघळतो. खरा फरक असा की वितळायला उष्णता पुरते, विरघळायला दुसरं कुणीतरी लागतं. मिठाचा खडा एकट्याने वितळवायचा तर 801 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. ज्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तो ठेवाल ते पातेलंच त्याच्या कितीतरी आधी, 660 अंशांना, पातळ होईल. तोच खडा माठातल्या पाण्यात टाकून ढवळा, पाच मिनिटांत दिसेनासा होतो. भट्टीला जे काम करायला लाल व्हावं लागतं ते पाणी गार बसून उरकतं. आणि आपण म्हणतो काय, तर ‘मीठ छान विरघळलं’. कर्ता मीठ, क्रियापद अकर्मक, पाण्याचा उल्लेख असलाच तर सप्तमी विभक्तीत. ‘पाण्यात’. जणू पाणी म्हणजे नुसती जागा.

पाण्याला असं कमी लेखण्यात आपण एकटे नाही. 1884 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात स्वांटे अऱ्हेनियस या तरुणाने एक प्रबंध सादर केला. मिठासारखे पदार्थ पाण्यात गेले की त्यांचे विद्युतभार असलेले तुकडे सुटे होतात, या कल्पनेची सुरुवात त्यात होती. परीक्षकांनी त्याला जेमतेम उत्तीर्ण केलं. त्यांचंही फार चुकलं असं नाही. इतकी पक्की गाठ साध्या पाण्याने सुटते, हे विद्वानाच्या गळी उतरणं कठीणच. अऱ्हेनियसला 1903 साली नोबेल मिळालं आणि पाण्याची बाजू पाठ्यपुस्तकात गेली. वाक्प्रचारांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

गाठ किती पक्की, याचा आकडा आहे. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ, म्हणजे तीनेक मोठे चमचे, घेऊन त्यातला प्रत्येक सोडियम आणि प्रत्येक क्लोराइड एकमेकांपासून पूर्ण दूर करायचा तर सुमारे 787 किलोज्यूल ऊर्जा लागते. एवढ्यात अडीच लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येतं. तीन चमचे मिठाच्या घरगुती भानगडीसाठी हा खर्च अवाढव्य आहे. तो निभावतो कोण? पाण्याचा रेणू वाकडा असतो. ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋणभार, दोन हायड्रोजनांच्या बाजूला थोडा धनभार. म्हणून सोडियमला तो एका तोंडाने सामोरा जातो आणि क्लोराइडला दुसऱ्या. दोन्हीकडच्या वऱ्हाडाशी गोड बोलणारा एखादा मामा असतो, तसा. असे रेणू दोघांभोवती कडं करून बसतात आणि या बसण्यातून सुमारे 783 किलोज्यूल सुटतात. शिवाय मधे पाणी आल्यामुळे सोडियम आणि क्लोराइड यांची आपसातली ओढ हवेतल्यापेक्षा जवळपास ऐंशी पटींनी कमी होते. प्रत्यक्षात मीठ आधी सुटं होतं आणि मग पाणी धावून येतं असा क्रम नसतो, सगळं एकदमच चालतं. पण सेंट पीटर्सबर्गच्या जर्मेन हेसने 1840 साली दाखवून दिलं की रासायनिक व्यवहार कुठल्याही वाटेने करा, उष्णतेची अखेरची बाकी तीच येते. म्हणून हा जमाखर्च कागदावर असा दोन ओळींत मांडायला आपण मोकळे आहोत. खर्च 787, जमा 783.

तूट चार किलोज्यूलची. हजाराच्या घरातल्या उलाढालीत एवढी तूट एखादा हिशेबनीस किरकोळ खर्चात दाखवून मोकळा होईल. निसर्ग तसं करत नाही. तो चार किलोज्यूल पाण्याच्या अंगच्या उबेतून कापून घेतो आणि लिटरभर पाणी जवळपास एक अंशाने गार होतं. हाताला कळत नाही, थर्मामीटरला कळतं. अशा पदार्थांना पाठ्यपुस्तक उष्माग्राही म्हणतं. हा शब्द पुन्हा पदार्थाच्या बाजूने घेतलेला आहे. त्याने ग्रहण केली, तर कुणाची केली, ते शब्दात येतच नाही.

ही कपात मोठी कशी असू शकते ते मोगल दरबाराला ठाऊक होतं. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने पाणी गार करण्याची कृती दिली आहे. धातूच्या सुरईत शेरभर पाणी भरून तोंड बंद करायचं, पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्या मिश्रणात ती सुरई पाव तासभर फिरवत राहायचं. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तोफेच्या दारूतला मुख्य घटक. जो पदार्थ रणांगणावर आग ओकतो तोच आबदारखान्यात बादशहाचं पाणी गार करतो, या विसंगतीची गंमत अबुल फजललाही वाटली होती. शंभरेक ग्रॅम सोरा विरघळायला 35 किलोज्यूल लागतात, मिठाच्या जवळपास नऊपट. बाहेरचं पाणी ते देतं आणि गारठतं. मग सुरईतल्या पाण्याकडून वसूल करतं आणि तेही गारठतं. शेवटी ते थंड पाणी बादशहाच्या घशात जातं आणि तिथून आपली ऊब भरून घेतं. म्हणजे सोऱ्याचं कर्ज साखळीने फिरत फिरत जहांपन्हांच्या जिभेवर येऊन फिटायचं. सोरा मात्र सुखरूप. पाणी आटवलं की तो पुन्हा कोरडा, पुढच्या उन्हाळ्यासाठी तयार. आटवण्याला जी उष्णता लागते ती द्यायला ऊन किंवा जळण. या सगळ्या प्रकरणात खिशाला चाट न लागलेला एकच इसम आहे, आणि गार पाण्याची कीर्ती त्याच्याच नावावर आहे.

अकबराइतकं लांब जायला नको. फवारणीसाठी बादलीत थोडं पाणी घेऊन भरपूर युरिया ओतला तर बादली हाताला गार लागते, आणि पावसाळी हवेत तिला बाहेरून घामही सुटतो. खेळाडूच्या मुरगळलेल्या घोट्यावर जी ‘कोल्ड पॅक’ची पिशवी दाबून फोडतात तिच्यात हेच असतं. एका कप्प्यात युरिया किंवा अमोनियम नायट्रेट आणि दुसऱ्यात आपलं मुकाट पाणी. ग्लुकोजची पावडर जिभेवर ठेवली की गार वाटतं, ती काही फ्रीजमधून आलेली नसते. ती तुमच्या लाळेत विरघळते आणि लागणारी ऊब जिभेकडून उसनी घेते. लोक त्याला ‘थंडावा मिळाला’ म्हणतात. मिळाला कसला, ऊब गेली. उन्हाळ्यात असं लुबाडलं जाणं आपल्याला आवडतं, एवढाच त्याचा अर्थ.

इथे कुणी व्यवहारी माणूस विचारेल की व्यवहार जर तोट्याचा आहे तर पाणी तो करतंच का? ही शंका बाळबोध नाही, हिच्यापायी मोठमोठे घसरले आहेत. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कचा यूलियस टॉमसेन आणि फ्रान्सचा मार्सेलँ बर्थेलो यांचं मत असं होतं की आपोआप घडणारी रासायनिक क्रिया नेहमी उष्णता बाहेर टाकणारीच असते. निसर्ग नफ्याशिवाय दुकान उघडत नाही, असा याचा सरळ अर्थ. अडचण एकच होती. साधं मीठ साध्या पाण्यात बर्थेलोच्या नाकासमोर रोज आपोआप विरघळत होतं आणि पाणी गार करत होतं. सिद्धांत खोटा ठरवायला प्रयोगशाळेची गरज नव्हती, स्वयंपाकघर पुरेसं होतं. अशा उदाहरणांसाठी मग पळवाटा काढल्या गेल्या. हे खरं रसायन नव्हे, ही भौतिक क्रिया, वगैरे. 1884 सालीच पिअर दुएम नावाच्या तरुणाने पॅरिसमध्ये हे तत्त्व खोडून काढणारा प्रबंध दिला, तो नाकारला गेला. पुढे लील, रेन आणि बोर्दो इथे शिकवण्यात त्याचं आयुष्य गेलं. पॅरिसमध्ये त्याची विद्राव्यता शून्य ठरली. बर्थेलो आधी फ्रान्सचा शिक्षणमंत्री झाला, नंतर परराष्ट्रमंत्री. तोटा होत नाही असं ठासून सांगता येणाऱ्या माणसाला मंत्रिमंडळात जागा मिळते, हा नियम मात्र त्याला अपवादाशिवाय लागू पडला.

पाणी तोटा का सोसतं याचं खरं उत्तर पसाऱ्यात आहे. शास्त्रज्ञ त्याला एन्ट्रॉपी म्हणतात. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइड कवायतीसारखे रांगेत उभे असतात. तसं उभं राहण्याची एकच रीत. पाण्यात गेल्यावर कोण कुठे असू शकतं याच्या अगणित रीती. निसर्गाला ऊर्जेचं गणित कळतं, तसंच शक्यतांचंही कळतं, आणि रीती पुरेशा वाढत असतील तर तो चार किलोज्यूल अंगावर घेतो. कपाटाची घडी मोडायला श्रम लागत नाहीत, घालायला लागतात, हे ज्या घरात मुलं आहेत तिथे सांगावं लागत नाही.

रसायनशास्त्राचा एखादा कडक प्राध्यापक आता चष्मा सरकवेल. त्याचं म्हणणं असं, की ओढ दोन्हीकडून असते, 783 किलोज्यूल पाणी आणि मीठ या दोघांच्या मिळून आहेत, त्यातले पाण्याचे किती आणि मिठाचे किती अशी वाटणी करताच येत नाही. हे मान्य करावंच लागेल. टाळी एका हाताने वाजत नाही. पण प्राध्यापक महाशय, हात किती आहेत तेही मोजा. पेलाभर पाण्यात एक चमचा साखर टाकली तर साखरेच्या एकेका रेणूमागे पाण्याचे सुमारे 760 रेणू असतात. एका नवरदेवासाठी सातशे साठ जण राबले, आणि टाळी दोघांनी मिळून वाजवली असं म्हणायचं असेल तर म्हणा. उष्णता कमी झाली तर ती मोजायची कुठे, तर पाण्यातच. थर्मामीटर साखरेत खोचलेला कुणी पाहिलेला नाही.

याहून वजनदार आक्षेप कॉस्टिक सोड्याचा. चाळीस ग्रॅम कॉस्टिक सोडा लिटरभर पाण्यात टाका, पाणी दहा अंशांनी तापतं. धुण्याची पावडर ओल्या मुठीत धरली तर हात कोमट होतो. इथे तर पाणी नफ्यात दिसतं! दिसतं, पण हा नफा घामाचा आहे. कॉस्टिक सोड्याच्या कणांभोवती पाणी इतकं घट्ट बिलगतं की गाठ सोडवायचा खर्च भागून वर 44 किलोज्यूल उरतात, आणि ते ठेवायला पाण्याशिवाय दुसरी जागा नसते. आणि हे उधाण पाण्याला झेपेल असं नाही. तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्यात हळूहळू, ढवळत सोडायचं, आम्लात पाणी कधीच नाही, हा नियम शाळेच्या प्रयोगशाळेत घोकून घेतात तो याचसाठी. आम्ल पाण्याच्या सुमारे 1.8 पट जड, त्यामुळे वरून ओतलेलं थोडं पाणी त्याच्यावर तरंगतं, तिथेच तापतं, उकळतं आणि आम्लासकट तोंडावर उडतं. भरपूर पाण्यात थोडं आम्ल गेलं तर तीच उष्णता सगळीकडे वाटली जाते. पाण्याला राबवायचंच असेल तर निदान संख्येने जास्त असू द्यावं, एवढंच तो नियम म्हणतो. कळीच्या चुन्याचं उदाहरण इथे देण्याचा मोह होतो, पण चुना पाण्यात विरघळण्याआधी त्याच्याशी संयोग करून वेगळाच पदार्थ होतो, तेव्हा ते प्रकरण निराळ्या कलमाखाली.

आणि तेल? पाणी इतकं सोशिक, तर मिसळीच्या वाटीत तर्री वर का तरंगते? इथे पाण्याची बाजू थोडी लंगडी पडते हे कबूल करायला हवं. आपला समज असा की पाणी तेलाला झिडकारतं. खरं कारण जास्त मानवी आहे. पाण्याच्या रेणूंचं आपसात इतकं मेतकूट असतं की मधे तेल आलं तर त्यांना त्याच्याभोवती शिस्तीत, एकमेकांचे हात धरून कडं करावं लागतं. उष्णतेत फारसा तोटा नसतो, मोकळेपणात असतो, आणि पाणी चार किलोज्यूल सोडेल पण गप्पांचा अड्डा मोडणार नाही. म्हणून मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात राहतात, आणि तिखट लागल्यावर पाणी पिणाऱ्याच्या तोंडातली आग पाणी फक्त सगळीकडे फिरवून आणतं. दह्यातला स्निग्धांश तेच काम चटकन करतो. इथे श्रेय तेला-तुपाला द्या, वाद नाही.

उष्णतेच्या देण्याघेण्याचा हा स्वभाव पदार्थ परत मिळवताना फार उपयोगी पडतो. विरघळताना भरपूर ऊब खाणारा पदार्थ गरम पाण्यात जास्त मावतो. ऊब देत विरघळणारे बरेचसे पदार्थ तापवल्यावर अंग काढून घेतात. सोड्याच्या बाटलीतला वायू याच दुसऱ्या गटातला, म्हणून ऊन लागलेला सोडा उघडताच फसफसून बेचव होतो. सोरा शून्य अंशाला शंभर मिलिलिटर पाण्यात जेमतेम तेरा ग्रॅम मावतो, उकळत्या पाण्यात अडीचशेच्या जवळपास. तेव्हा कढत द्रावण गार करा, सोरा खाली बसतो. मीठ मात्र शून्य अंशाला पावणेछत्तीस ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात 39. गार करून ते हाती लागत नाही. म्हणूनच शिरोड्यापासून भाईंदरपर्यंतच्या मिठागरांत खाडीचं पाणी वाफ्यांत पसरून उन्हात आटवावं लागतं. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार, त्यामुळे दहातले नऊ हिस्से पाणी उडून जाईपर्यंत मिठाचा कणही खाली बसायला तयार नसतो. ते नऊ हिस्से वाऱ्यावर जातात, आणि फळीने ओढलेल्या मिठाच्या ढिगाचे फोटो निघतात.

सरबताच्या पेल्यात तळाशी बसलेल्या साखरेचा दोषही पाण्यावर येतो. ‘गार पाण्यात साखर विरघळत नाही’ हे वाक्य दर उन्हाळ्यात हजारो स्वयंपाकघरांत उच्चारलं जातं, आणि ती पाण्याची निव्वळ बदनामी आहे. साध्या तापमानाला शंभर मिलिलिटर पाणी दोनशे ग्रॅम साखर सामावून घेतं. सरबताच्या पेल्यात सुमारे चारशे ग्रॅम मावेल, म्हणजे पाण्याच्या दुप्पट वजनाची साखर, आणि पाणी तक्रार करणार नाही. त्याला फक्त वेळ हवा असतो आणि चमच्याचे चार वेढे जास्त. ढवळणाऱ्याचा आळस पाण्याच्या नावावर लिहिला जातो.

औषधाच्या दुकानात जलसंजीवनीचं पाकीट मिळतं, ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 साली ठरवलेल्या प्रमाणानुसार त्यात 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. एकूण साडेवीस ग्रॅम, दशांशापर्यंत छापलेलं. ते विरघळतं एक लिटर पाण्यात, आणि जुलाबाने कोरडं पडलेलं लेकरू वाचतं ते पोटात गेलेल्या आणि तिथे टिकलेल्या त्या लिटरभर पाण्यामुळे. बाकीच्यांचं काम त्याला आतड्यातून आत नेण्याचं. पाकिटावर चारही घटकांची नावं आहेत, वजनं आहेत, किंमत आहे. पाणी ज्याचं त्याने घरून घ्यायचं आहे.